डावा तुझा, उजवा माझा

ब्रेल छापखान्यातल्या चार नंबरच्या टेबलावर गेली अठ्ठावीस वर्षं नवरा बोलत होता आणि बायको 'बरोबर' म्हणत होती. असा संसार आम्हालाही दाखवा, असं छापखान्यातले लोक म्हणायचे. घरी काय चालतं ते त्यांना ठाऊक नव्हतं म्हणून म्हणायचे, इतकंच.

नवऱ्याची दृष्टी वयाच्या चौथ्या वर्षी गेलेली. कागदावरचे उठावाचे ठिपके बोटांनी चाचपत तो मोठ्याने वाचायचा. बायको डोळस. ती शेजारी मूळ पुस्तक घेऊन बसायची आणि तो वाचतो ते पुस्तकाशी ताडून बघायची. ओळ जुळली की 'बरोबर', नाही जुळली की 'थांबा'. छापखान्यातून बाहेर पडणारं प्रत्येक पान असं दोघांच्या हातून जायचं. त्याचं वाचन इतकं खणखणीत, की सगळे त्याला मास्तर म्हणायचे. त्याने शाळेत एक दिवसही शिकवलं नव्हतं, पण नाव पडलं ते पडलं.

त्या गुरुवारी मास्तर पाचवीचं भाषेचं पुस्तक वाचत होते. बायकोचं अर्धं लक्ष ओळींवर आणि अर्धं त्यांच्या श्वासावर होतं. आठ महिन्यांपूर्वी साध्या खोकल्याने सुरुवात झाली आणि फुप्फुसात गाठ निघाली. आयुष्यात विडीला हात न लावलेला माणूस! पण त्यातल्या त्यात नशीब असं, की तपासणीत गाठीचा जो प्रकार निघाला त्याला नेमकी लागू पडणारी गोळी होती. सुई नाही, सलाइन नाही. रोज सकाळी सहा वाजता उपाशीपोटी एक गोळी पाण्याबरोबर, आणि पुढे तासभर पोटात काही नाही. तीन महिन्यांनी स्कॅन केला तर गाठ निम्म्यावर आली होती. त्या दिवशी दोघं हॉस्पिटलच्या बाकावर बसून लहान मुलांसारखी रडली होती. पुढचा स्कॅन येत्या गुरुवारी होता, आणि बायकोचा जीव त्या तारखेला टांगलेला होता.

"पाठ नववा," मास्तर म्हणाले. "पोस्टमनकाका."

"बरोबर."

"पोस्टमनकाका रोज सकाळी सायकलवरून येतात."

"बरोबर."

"त्यांच्या खांद्याला खाकी पिशवी असते."

"बरोबर."

तेवढ्यात मॅनेजर टेबलापाशी येऊन उभे राहिले. छपाई शनिवारी लावायची होती आणि त्यांना किती पानं झाली ते बघायचं होतं.

"त्यांच्या मागे मागे एक तांबडा कुत्रा पळत येतो," मास्तरांनी वाचलं.

बायकोने पुस्तकात पाहिलं. कुत्रा नव्हता. तिने वरची ओळ पाहिली, खालची पाहिली, पान उलटून मागे पाहिलं. या वर्षीच्या नव्या आवृत्तीतून कुत्रा काढून टाकलेला होता. पाठ्यपुस्तक मंडळातल्या कोणाला तरी चावला असावा. जुन्या पुस्तकात तो अकरा वर्षं पोस्टमनमागे पळत होता आणि ते पुस्तक मास्तरांनी दर वर्षी वाचलं होतं.

तिने मास्तरांच्या हाताखालच्या पानाकडे पाहिलं. इतक्या वर्षांत तिलाही डोळ्यांनी ठिपके ओळखता येऊ लागले होते. कागदावरही कुत्रा नव्हता. कागद नव्या पुस्तकाबरहुकूम होता. मास्तरांची बोटं त्यावरून सराईतपणे सरकत होती आणि तोंडातून जुनं पुस्तक बाहेर पडत होतं.

मॅनेजर तिच्याकडे बघत होते.

"बरोबर," ती म्हणाली.

अठ्ठावीस वर्षांत तिने पहिल्यांदा खोटं 'बरोबर' म्हटलं. मॅनेजर मान हलवून पुढच्या टेबलाकडे गेले, आणि मास्तर कुत्र्यासकट पुढचा परिच्छेद वाचू लागले. ती 'बरोबर' म्हणत राहिली. आवाज आपोआप निघत होता, डोळे मात्र त्यांच्या बोटांवर खिळले होते.

दोन्ही तर्जन्यांच्या शेंड्यांना चिकटपट्टी होती. मधल्या बोटांनाही होती. तिला ते माहीत होतं. गोळीने कातडी कोरडी पडते, चेहऱ्यावर पुरळ येतं, नखांच्या कडा सुजतात, हे हॉस्पिटलमधल्या सिस्टरने पहिल्याच दिवशी सांगितलेलं. असं काही झालं तर लगेच कळवा, अंगावर काढू नका, असंही सांगितलेलं. महिन्याभरापूर्वी बोटांना भेगा पडायला लागल्या तेव्हा तिने विचारलं होतं. मास्तर म्हणाले होते, "क्रीम लावून पट्टी मारतो, बास. वाचता येतंय मला." त्यांना वाचता येतंय म्हटल्यावर तिने विषय सोडला होता.

आता एकेक गोष्ट तिच्या डोक्यात उलगडायला लागली. कायद्याचं नवं पुस्तक मास्तरांनी दोन नंबरच्या टेबलाला देऊन टाकलं होतं. "मला शाळेचीच द्या, हल्ली जड वाचवत नाही," असं म्हणाले होते. आजारी माणूस म्हणून कोणी खोलात शिरलं नाही. शाळेची पुस्तकं त्यांना तोंडपाठ होती! म्हणजे ते कधीपासून वाचत नव्हतेच, नुसतं म्हणत होते. आणि ती शहाणी शेजारी बसून 'बरोबर' म्हणत होती.

मग तिला गोळ्यांचे डबे आठवले.

तिने मॅनेजरकडे जाऊन अर्ध्या दिवसाची रजा मागितली. मास्तरांना बरं वाटत नाहीये म्हणाली. मास्तर चकित झाले. "मला काय धाड भरलीय?" ते म्हणाले. तिने त्यांचा हात उचलून आपल्या कोपराला लावला. ते मुकाट्याने उठले.

घर पायी वीस मिनिटांवर. पाच मिनिटं चालल्यावर मास्तरांनी विचारलं.

"अगं, झालंय काय?"

"कुत्रा नाहीये."

"कुठला कुत्रा?"

"पोस्टमनच्या मागचा. नव्या पुस्तकातून काढलाय. तुमच्या हाताखालच्या कागदावरही नव्हता."

मास्तर चालत राहिले. फुटपाथ संपला, दोघांनी रस्ता ओलांडला, पुढचा फुटपाथ लागला.

"आज पट्टी जरा जाड झाली होती," ते म्हणाले.

"अहो, माझ्याशी असं बोलू नका. कधीपासून?"

"तीन आठवडे झाले."

"तीन आठवडे!"

"ठिपके लागतच नाहीत गं हाताला. भेगांमुळे नुसती आग होते आणि वर सगळं सपाट लागतं. पट्टी काढली तर रक्त कागदाला लागतं." ते हळूहळू बोलत होते. "सांगितलं असतं तर डॉक्टरने गोळी बंद केली असती. आणि छापखान्याने मला घरी बसवलं असतं. मग काय राहिलं? म्हटलं, ओढू थोडे दिवस. आणि आता बरी होतायत बोटं. तुला म्हटलं नव्हतं का परवा? रविवारपासून आग कमी आहे. खाजही गेली चेहऱ्याची. दहा दिवसांत वाचायला लागलो असतो आणि तुला काही कळलंही नसतं."

हो, परवा म्हटलं होतं त्यांनी. तिने त्यांचा चेहरा उजेडाकडे वळवून पाहिला होता. गालावरचं लालसर पुरळ खरंच मावळत होतं. किती आनंद झाला होता तिला! संध्याकाळी तिने मुद्दाम गोड केलं होतं.

"आणि गोळ्या?" तिने विचारलं. "डब्यावरचं तरी वाचता येतं का?"

"त्यात काय वाचायचंय? डावा तुझा, उजवा माझा."

ती रस्त्यातच उभी राहिली. मागून येणारा एक सायकलवाला घंटी वाजवून, पुटपुटत कडेने गेला.

डबे दोन होते. पेपरमिंटचे पत्र्याचे डबे, एकाच मापाचे. मास्तरांना ते डबे फार आवडायचे. गोळ्या सुरू झाल्या तेव्हा सिस्टरने बजावलं होतं, गोळ्या कंपनीच्या खोक्यातच ठेवा. पण ते खोकं गुळगुळीत, त्यावर मास्तरांना काय कळणार? म्हणून त्यांनी गोळ्यांच्या पट्ट्या डब्यात घातल्या आणि डब्यांवर स्वतः टोचणीने ठिपके पाडलेल्या चिठ्ठ्या चिकटवल्या. एकावर 'मी'. दुसऱ्यावर 'तू'. 'तू'च्या डब्यात तिच्या पित्ताच्या गोळ्या होत्या. त्यांच्या आजारपणाच्या काळजीने तिला जळजळ व्हायची, तशी झाली की ती एखादी घ्यायची. त्या गोळ्या त्यांच्या औषधाबरोबर चालत नाहीत, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर वेगळा डबा.

मास्तरांचा हट्ट होता, की आपली गोळी आपण घ्यायची. "मी आंधळा आहे, तान्हा नाही," ते म्हणाले होते. ती मानत आली होती. सकाळी सहाला ते उठायचे, खण उघडायचे, गोळी घ्यायचे, परत येऊन आडवे व्हायचे. अंथरुणात पडल्या पडल्या तिला पेल्याचा आवाज यायचा आणि तिचं समाधान व्हायचं.

या घरात एक नियम लग्नाच्या पहिल्या दिवसापासून होता. वस्तूची जागा बदलायची नाही. खुर्ची खुर्चीच्या जागी, कात्री कात्रीच्या जागी. अठ्ठावीस वर्षांत तिने तो कधी मोडला नव्हता. पण शनिवारी खणातला कागद तेलकट झाला म्हणून तिने बदलला. सगळं बाहेर काढलं, पुसलं, परत ठेवलं. डबे ठेवताना तिने विचार केला नाही. का करावा? मास्तर तर वाचून घेत होते ना!

"अहो, मी शनिवारी खण आवरला," ती म्हणाली.

मास्तरांच्या हाताची पकड तिच्या कोपरावर घट्ट झाली. पुढचं अंतर दोघं जवळजवळ पळतच गेली. नंतर तिला आठवलं, की धापा टाकायला लावणं त्यांच्या फुप्फुसाला चांगलं नव्हतं. पण तेव्हा सुचलं नाही.

कुलपात किल्ली दोनदा उलटी गेली. स्वयंपाकघरातला खण तिने इतक्या जोरात ओढला की तो निम्मा बाहेर आला. दोन डबे शेजारी शेजारी. उजव्या डब्यावर स्वच्छ दिसत होतं: 'तू'.

"काय आहे? बोल की!"

"थांबा."

तिने डावा डबा उघडला. एक तारखेला नवं खोकं काढलं होतं, तीस गोळ्यांचं. आज एकोणीस तारीख. अकरा उरायला हव्या होत्या. एक पट्टी अख्खी. दुसऱ्या पट्टीत सहा. तिने पुन्हा मोजल्या. सोळाच भरल्या.

मग उजवा डबा. तिच्या पित्ताच्या पट्टीतल्या तिने स्वतः तीन घेतल्याचं तिला पक्कं आठवत होतं. आठ घरं रिकामी होती.

"पाच दिवस," ती म्हणाली. "रविवारपासून तुम्ही माझी गोळी घेताय."

मास्तर खुर्ची चाचपून बसले. दोन्ही गोळ्या गोल, दोन्ही पट्ट्या चांदीच्या कागदाच्या, आणि बोटांवर चिकटपट्टी. कळणार कसं?

"रविवारपासून," ते म्हणाले. मग बोटांवरच्या चिकटपट्ट्या चाचपल्या. "म्हणजे बोटं त्यामुळे बरी होतायत."

तिच्याही तेव्हाच लक्षात आलं. गोळी पोटात जात नव्हती म्हणून पुरळ उतरत होतं. त्या आनंदात तिने गोड केलं होतं आणि दोघांनी वाटी चाटून पुसून खाल्ली होती. तिला स्वतःची इतकी चीड आली की तिने तो पेपरमिंटचा डबा ओट्यावर आपटला.

"दे इकडे," मास्तर म्हणाले. हात पुढे केला. "पाच राहिल्या ना? दोन आत्ता घेतो. दोन रात्री घेतो."

"नाही."

"अगं, पाच दिवस त्या गाठीला रान मोकळं मिळालंय! आठवड्यावर स्कॅन आलाय! दे म्हणतो ना!"

ते कधी ओरडत नसत. ओरडण्याने खोकला उठला आणि ते टेबलाला धरून खोकत राहिले. तिने पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, दुसरा हात डब्यावर घट्ट ठेवून. खरं सांगायचं तर तिलाही वाटत होतं, की द्याव्यात. आत्ता, लगेच, मूठभर. चूक भरून काढायला माणसाला काहीतरी करावंसं वाटतंच. पण तिच्या डोळ्यांसमोर भिंतीवरचा कागद होता. पहिल्या दिवशी सिस्टर बोलत होती तसा तिने तो लिहून काढला होता, शेवटी शेवटी अक्षर गिचमिड झालेलं. त्यात एका ओळीखाली दोन रेघा होत्या: राहिली तर पुढच्या दिवशी दोन घेऊ नयेत. फोन करावा.

तिने फोन लावला. लाइन बिझी. पुन्हा लावला. पुन्हा बिझी. घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती. हॉस्पिटलात जेवायला गेले असतील का सगळे? सातव्या वेळी सिस्टरचा आवाज आला, आणि तिला धड वाक्य जुळवता येईना. आधी कुत्र्याचं सांगितलं, मग खणाचं.

"ताई, हळू," सिस्टर म्हणाली. "पहिल्यांदा मला सांगा, त्यांना श्वास लागतोय का? ताप आहे? खोकला वाढलाय?"

"आत्ता खोकले, पण ते ओरडल्यामुळे. एरवी नाही."

"पाच दिवस आपली गोळी अजिबात नाही गेली? आणि त्याऐवजी रोज पित्ताची एक? आज सकाळीही?"

"हो."

"दोन्ही गोळ्यांची नावं पट्टीवरून वाचून दाखवा. अक्षर न अक्षर."

तिने वाचली. सिस्टर पलीकडे लिहून घेत होती.

"आता ऐका. राहिलेल्या भरून काढायच्या नाहीत. आत्ता एकही द्यायची नाही. पित्ताच्या गोळीने पोटातलं आम्ल कमी होतं आणि मग ही गोळी नीट विरघळत नाही, अंगाला कमी लागते. त्याचा परिणाम दोन-चार दिवस राहील. मी डॉक्टरांना विचारून तासाभरात फोन करते. तोवर घाबरून काहीही करू नका." मग तिने विचारलं, "पण त्यांना डबा ओळखता कसा आला नाही? ते तर वाचतात ना?"

बायकोने मास्तरांकडे पाहिलं. सिस्टरचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता. मास्तर जोरजोरात मान हलवत होते. नको. सांगू नकोस.

तिला त्यांची कीव आली आणि संतापही आला. छापखान्याची भीती, गोळी बंद होण्याची भीती, सगळं तिला कळत होतं. तिने फोन त्यांच्या हातात दिला.

"बोटांचं तुम्ही सांगा," ती म्हणाली. "मी आज एकदा खोटं 'बरोबर' म्हटलंय. परत म्हणणार नाही."

मास्तरांनी फोन कानाला लावला. पलीकडून सिस्टर "हॅलो, हॅलो" करत होती. मग त्यांनी घसा साफ केला.

"मी बोलतोय," ते म्हणाले. "पेशंट. माझ्या बोटांना भेगा पडल्यात. तीन आठवडे झाले. मला काही वाचता येत नाही."

सिस्टर बरंच बोलली. बायकोला तुकड्यातुकड्याने ऐकू येत होतं. मलम. जंतू झालेत का बघावं लागेल. कधी कधी डॉक्टर मात्रा कमी करतात, कधी थोडे दिवस विश्रांती देतात, पण ते त्यांनी ठरवायचं. तीन आठवड्यांपूर्वी सांगितलं असतंत तर एव्हाना वाचत असता, असंही ती म्हणाली.

"मला वाटलं तुम्ही गोळीच काढून घ्याल," मास्तर म्हणाले. त्यांचा खणखणीत आवाज कुठल्या कुठे गेला होता.

तासाभराने म्हणाली होती, पण फोन यायला दीड तास लागला. त्या वेळात बायकोने तीन वेळा ओटा पुसला. डॉक्टरांचा निरोप होता: उद्या सकाळी सहाला नेहमीची एक गोळी, एकच. पित्ताची गोळी घरातून बाजूला. उद्याच दहा वाजता बोटं दाखवायला या आणि घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणा. स्कॅन ठरल्या दिवशीच.

"पाच दिवसांत वाढली असेल का हो गाठ?" बायकोने विचारलं.

"ते स्कॅनमध्ये कळेल, ताई. आत्ता मी काही सांगितलं तर ते अंदाजपंचे होईल." मग ती म्हणाली, "आणि ते डब्यांचं प्रेम जरा आवरा. गोळ्या खोक्यात ठेवा. खोक्यावर हव्या तेवढ्या चिठ्ठ्या लावा."

दुसऱ्या दिवशी सहाला पाच कमी असताना दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी छापखान्यातल्यासारखी बसली. खोकं मध्ये. ते तिने सुचवलं नव्हतं, मास्तर आपण होऊन तिच्या उजव्या हाताला बसले होते.

"वाच," ते म्हणाले.

तिने पट्टीवरचं नाव वाचलं. मिलिग्रॅम वाचले. मुदत वाचली.

"बरोबर," मास्तर म्हणाले. मग खोक्यावरच्या नव्या चिठ्ठीवर त्यांनी डाव्या हाताचं करंगळीशेजारचं, अंगठी घालायचं ते बोट टेकवलं. त्या बोटाला भेग नव्हती, पण त्या बोटाने त्यांनी जन्मात वाचलं नव्हतं. पहिलीतल्या पोरासारखं ते अडखळत, मागेपुढे करत राहिले. "म," ते म्हणाले. "म ला... दीर्घ. मी."

"बरोबर."

तिने हाताला न लावता गोळी पट्टीतून बाटलीच्या झाकणात पाडली. त्यांनी गिळली. सातपर्यंत दोघं तिथेच बसून राहिली.

हॉस्पिटलातून मलम घेऊन निघाले ते मास्तर थेट छापखान्यात मॅनेजरकडे गेले आणि जे होतं ते सांगून मोकळे झाले. बायको दाराबाहेर उभी होती. तिलाही सांगायचं होतं, पण ते म्हणाले, माझं मला सांगू दे. तीन आठवड्यांत वाचलेली सगळी पानं दोन नंबरच्या टेबलाने पुन्हा वाचली. सात चुका निघाल्या. त्या सात चुका ऐकून मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत. मॅनेजर भला माणूस होता. "बोटं बरी होईपर्यंत दिवसाला एक पान वाचा," मॅनेजर म्हणाले, "पण वाचा." आणि तांबडा कुत्रा नसलेला पाठ नववा त्यांनी परत चार नंबरवर पाठवला.

मग ते दिवस सुरू झाले, ज्यांच्याबद्दल ती कोणाला सांगणार नाही. सकाळी मास्तर दाढीला बसले की ती त्यांचा चेहरा निरखायची. नाकाच्या बाजूला काही दिसतंय का? कपाळावर? शनिवारी काही नव्हतं. रविवारी नव्हतं. सोमवारी तर गाल नव्या नवरदेवासारखे तुकतुकीत. नवऱ्याच्या तोंडावर पुरळ उठावं म्हणून देवाला हात जोडणारी बाई जगात आपणच असू, असं तिला वाटायचं. पुरळ उठणं ही काही खात्री नव्हे, हे सिस्टरने दोनदा सांगितलं होतं. पण बाकी धरायला तिच्या हाताशी होतं काय? रोज सहा वाजता ती वाचायची, ते 'बरोबर' म्हणायचे, ते वाचायचे, ती म्हणायची, आणि मग ती मनातल्या मनात पाच दिवस मोजायची.

बुधवारी, स्कॅनच्या आदल्या दिवशी, मास्तर टेबलावर ते एक पान वाचत होते. एका ओळीला तीन-तीन मिनिटं लागत होती.

"त्यांच्या... खांद्याला... खाकी..." ते थांबले. उजव्या हाताचं मनगट त्यांनी गालावर घासलं. मग नाकावर घासलं.

"काय झालं?"

"खाज सुटलीय गं. सकाळपासूनच. आणि या नखाशी परत आग व्हायला लागली. मगाचपासून सांगणार होतो, म्हटलं आधी ओळ पुरी करू."

तिने पुस्तक खाली ठेवलं आणि त्यांची हनुवटी धरून चेहरा खिडकीकडे फिरवला. नाकाच्या दोन्ही बाजूंना बारीक, लाल, ताजे दाणे. तिने बोट न लावता ते एकेक पाहिले.

"आहे का?" मास्तरांनी विचारलं.

"आहे. दोन्ही गालांवर आहे."

"मग सिस्टरला फोन लाव. आत्ताच्या आत्ता लाव. नंतर म्हणायला नको, सांगितलं नाही."

तिने लावला. सिस्टर म्हणाली, मलम चालू ठेवा, गोळी चुकवू नका, उद्या येताच आहात तेव्हा दाखवा, आणि ताई, यावरून लगेच काही धरून बसू नका. बायको "हो, हो" म्हणाली. त्यातलं तिने किती ऐकलं कोण जाणे.

मास्तरांनी पुन्हा ते बोट कागदावर टेकवलं. ओळीची सुरुवात शोधायला त्यांना बराच वेळ लागला.

"त्यांच्या खांद्याला," ते म्हणाले, "खाकी पिशवी... असते."

तिने पुस्तकाकडे पाहिलं. डोळे भरून आले होते. एकही अक्षर दिसत नव्हतं. मास्तर मान कलती करून तिच्या शब्दाची वाट बघत होते.

"परत एकदा वाचा," ती म्हणाली. "मला दिसलं नाही."